गादीत काय भरायचं?

चार बायका मशिनवर बसल्या की कपडे कमी आणि किस्सेच जास्त शिवले जातात. आमच्या कराडच्या शिवणमंडळाचंही तेच. नुसत्या एका प्रश्नावर आमचा अख्खा उन्हाळा गेला. गरम भांडी उतरवायच्या कापडी गाद्यांत भरायचं काय? बाहेरून सगळ्याच देखण्या हो, चटका बसतो तो आतल्या मालामुळं!

*

पहिला मान नलूमावशींचा. वयानं सगळ्यांत मोठ्या, उत्साहानं सगळ्यांत लहान. जुन्या सोफ्याचा स्पंज कापून त्यांनी गादी भरली. "कशी लुसलुशीत झालीय बघा!"

घरी काकांनी, म्हणजे मावशींच्या यजमानांनी, त्या गादीनं चहाचं पातेलं उतरवलं. स्पंज वितळला आणि गादी पातेल्याला जी चिकटली, ती सुटेचना. काकांनी पातेलं तसंच पाहुण्यांपुढं नेलं. म्हणाले, "आज चहा स्वेटर घालून आलाय!"

*

रेखाचं डोकं सायन्सचं. आइस्क्रीमच्या पार्सलबरोबर आलेल्या पिशवीचं चंदेरी अस्तर तिनं भरलं. "उष्णता आल्या वाटेनं परत जाते!"

जात असेलही. पण गादी हातात घेतली की कुरकुर आवाज! तिच्या सासऱ्यांना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलेलं. बिचारे बाहेरच्या खोलीतून दर वेळी ओरडायचे, "एकट्यानं वेफर्स कोण खातंय रे?"

शेवटी रेखानं त्यांना गादीच नेऊन दाखवली. त्यांनी ती उलटसुलट केली, दाबून बघितली आणि म्हणाले, "आवाज काढून घे, नाहीतर वेफर्स तरी आण!"

*

मग गाद्या पास-नापास ठरवायच्या कशा? नियम केला. तापलेला तवा गादीनं धरायचा आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं. उखाणा पुरा झाला तर गादी पास!

नलूमावशींनी सुती चिंध्यांची गादी घेतली आणि सुरू झाल्या, "कृष्णेला भेटली कोयना, घाटावर जमली दाटी..." पुढं महादेव आला, तुळस आली, सासूबाई आल्या. नाव काही येईना. शेवटी "अगं आई गं!" आणि तवा खाली!

रेखा म्हणाली, "मावशी, गादी चांगली आहे हो. उखाणा आखूड करा!"

"उखाण्याला हात लावायचा नाही," मावशी बोटं फुंकत म्हणाल्या, "भर वाढवा!"

*

भर मिळाली ती शाकूताईंकडून. त्या माण तालुक्यातल्या. नवरा मुंबईला कामाला, आणि त्या लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी कराडात खोली घेऊन राहिलेल्या. गाद्या जिथं विकायच्या होत्या ते सांगलीचं प्रदर्शन तोंडावर आलं, तेव्हा एके दिवशी त्यांनी पिशवीतून काळी घोंगडी काढली. वडिलांची. आबा गेले, मागोमाग मेंढरं विकली, ही तेवढी उरलेली.

कात्री घ्यायला कुणाचाच हात धजेना. मी म्हटलं, "राहू द्या शाकूताई, बाजारातून दुसरी आणू."

"आवं, लोकर लवकर जळत न्हाई. आबा रानात चुलीवरचं भगुलं हिच्याच कोपऱ्यानं उतरवायचं. लय चटकं खाल्ल्यात हिनं!"

कात्री त्यांनी स्वतःच घेतली. पहिला काप दिला आणि जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मग दुसरा काप दिला.

वर सुती, मधे लोकर, खाली पुन्हा सुती. गादी अशी जमली की नलूमावशींचा उखाणा सासूबाईंसकट पुरा झाला!

*

सांगलीत आमच्या स्टॉलवर एक बाई म्हाताऱ्या वडिलांना हाताला धरून आल्या. अंगात बंडी, डोक्याला पटका. "हल्ली अण्णांच्या काही लक्षात राहत नाही," बाई हळूच म्हणाल्या.

दुपारच्या उन्हानं लोकरीचा वास सुटला होता. अण्णांनी एक गादी उचलली, नाकाशी नेली आणि तशीच धरून उभे राहिले.

"अण्णा, ती गरम भांड्यासाठी आहे. ठेवा खाली."

अण्णांनी ठेवली नाही. आमच्याकडं बघून विचारलं, "मेंढरं कुनाची?"

शाकूताई पुढं झाल्या.

"आमच्या आबांची."

"बरी हायती न्हवं?"

शाकूताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"व्हय अण्णा. डोंगराकडं चराय गेल्यात."