भाभीचा शेवटचा टाका

कामोठ्यात दर दुसऱ्या बिल्डिंगच्या पाटीवर रेसिडेन्सी लिहिलेलं असतं. त्यामुळे एक चित्रकार मुलगी पनवेलच्या आमच्या घरी येऊन ‘रेसिडेन्सीला चला’ म्हणाली, तेव्हा मला वाटलं हिला फ्लॅट विकायचाय. मी दार लोटून घेत होते. भाभीने तिला आत बसवलं, चहा दिला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. शिरढोणच्या वाटेवर एक बंद पडलेली भाताची गिरणी होती. तिथे काही महिने चित्रकारांनी राहायचं आणि आमच्यासारख्या भरतकाम करणाऱ्यांबरोबर मिळून काहीतरी घडवायचं, असा तो प्रकार. भाभीने मला विचारलं न विचारलं आणि हो म्हणून टाकलं.

भाभी म्हणजे माझी मोठी जाऊ. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. तिने मला अड्ड्यावर बसवलं. अड्डा म्हणजे लाकडी चौकट, तिच्यावर कापड ताणून बांधायचं. एका बाजूला ती, समोर मी. वरून आरी मारायची, म्हणजे आकड्याची सुई, आणि डाव्या हाताने कापडाखालून दोरा पुरवायचा. आमची घमेंड एकच होती, दोघींचा हात एक दिसला पाहिजे. भाभीचा टाका घट्ट, माझा सैल. माझा हात तिच्यासारखा व्हावा म्हणून तिने माझं काम किती वेळा उसवलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन किती रडले, ते आमचं आम्हालाच ठाऊक.

त्या मुलीने मोठ्या कापडावर पनवेलची खाडी काढली होती. कडेला थोडी तिवरं, बाकी सगळं पाणीच पाणी. तिचं म्हणणं, दोन बाजूंना दोन हात वेगळे दिसू देत, तीच तर गंमत आहे. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाई गं, हात वेगळे दिसू नयेत म्हणून आमचा जन्म गेला आणि तू म्हणतेस गंमत! भाभी हसत बसली. मुलगी समजूतदार होती, तिने ऐकलं. पण रंगाच्या बाबतीत ती आमचं ऐकायची नाही. करडा आणि हिरवा दोरा एकत्र पिळून तिने असा काही रंग काढला की भाभी तो उजेडात धरून बघतच राहिली. इतकी वर्षं खाडीकाठी काढली, पाणी असं असतं हे आज बघतेय, म्हणाली. त्यानंतर दोघींचं गूळपीठच जमलं. भाभी तिला ‘बेटा’ म्हणायला लागली आणि माझा जीव थोडा जळायचा, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी भाभीने आरी खाली ठेवली. घामाने चिंब झाली होती. छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, म्हणाली. चित्रकार मुलीनेच गाडी काढली आणि कळंबोलीच्या बाजूला एका हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं आहे, काही दिवस ठेवावं लागेल. खाटेवर पडल्या पडल्या भाभीला चिंता कसली, तर कापडाची.

“माजी बाजू मागे ठेवू नको गो,” ती म्हणाली. “त्या पोरीचं काम अडल.”

मग मी रोज हॉस्पिटलातून गिरणीत जायचे आणि भाभीच्या जागी बसायचे. तिच्या दोऱ्याचा शेवट कापडाखाली लोंबत होता. त्याला मी माझा दोरा जोडला, गाठ दाबली, इतकी बारीक कातरली की बोटालाही लागू नये. हात घट्ट केला, अगदी तिच्यासारखा. ती बरी होऊन येईल, आपली बाजू भरलेली बघेल आणि खूश होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ओळीमागून ओळी पाणी भरत गेले.

एक दिवस फोनवर फोटो काढून तिला दाखवायला नेला. म्हटलं, सांग, तुझं कुठे संपलं? तिने फोटो मोठा करून करून बघितला आणि एका जागी बोट ठेवलं. मी म्हटलं, चूक. तिला हसू आवरेना. परत बोट ठेवलं, परत मी चूक म्हटलं. “घरी ये, मग दाखवते,” मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी गेली.

तिची मुलगी मस्कतला नोकरीला आहे. विमान मिळून ती पोचेपर्यंत दफन झालं होतं. आईचा चेहरा तिला बघायला मिळाला नाही.  परत निघायच्या दिवशी ती म्हणाली, चाची, अम्मी ज्यावर काम करत होती ते कापड मला दाखव. मी रिक्षा केली आणि तिला गिरणीत घेऊन गेले. कापड अजून अड्ड्यावरच होतं.

“अम्मीचा शेवटचा टाका कुठला? मला त्याला हात लावायचाय.”

मी वाकले. तिवरांच्या सावलीपाशी आहे, अशी माझी खात्री होती. तिथे बघितलं, मग जरा वर, मग खाली. सगळं पाणी एकसारखं. अड्डा उलटा करवून घेतला, पाठीवरून नख फिरवलं, माझी ती गाठ कुठे लागेना. चित्रकार मुलीने फोन उघडून फोटो शोधले. हसणारी भाभी होती, चहा पिणारी भाभी होती, दोऱ्याची रिळं होती. कापडाच्या त्या बाजूचा फोटो निघाला तो भाभी आजारी पडायच्या आधीचा, आणि त्यानंतर ती कितीतरी ओळी पुढे गेली होती. जळले माझे हात. उभ्या आयुष्यात इतकं चोख काम मी कधी केलं नव्हतं आणि तेच नेमकं तेव्हा करायचं सुचलं.

शेवटी मी तिचं बोट हातात धरलं. कापडाच्या कोपऱ्यात भाभीने पहिला टाका घातला होता, तिथे ठेवलं. ही ओळ अम्मीची, म्हटलं. ही पण अम्मीची. ही पण. असं करत फोटोतल्या जागेपर्यंत आलो आणि मी थांबले.

“पुढे?” तिने विचारलं.

“पुढे तुझी अम्मी कुठवर गेली ते मला नाही सांगता येत, बाळा.”

मी तिचा हात सोडला. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, विमानाची वेळ होत आली होती. ती बोट पुढेही नेईना आणि उचलेनाही.