हरभऱ्याचा बेवड

आमच्या केंदूरच्या रानात वर्षानुवर्षं जोंधळाच. दुसरं पीक त्या मातीला ठाऊकच नव्हतं. म्हणूनच टारफुला माजला. दिसायला गोजिरवाणं पांढरं फूल, पण जोंधळ्याच्या मुळाला चिकटून रस पितं मेलं! ताटं गुडघ्याएवढी होऊन करपायची. उपटून उपटून माझ्या बोटांची सालटी निघाली, तरी हटेना.

माझं माहेर भांडगावचं. तिथं एक साल जोंधळा, एक साल हरभरा. हरभऱ्याच्या बेवडावर, म्हणजे तो निघालेल्या रानात, जोंधळा डोक्याबरोबर येतो, हे मी लहानपणापासून बघत आले होते. सासऱ्यांना म्हटलं, "मामा, औंदा हरभरा पेरू."

"आन् बैलांनी काय खायाचं? तुझं डोस्कं?"

म्हातारा खोटं बोलत नव्हता. जोंधळा पिचका आला तरी कडबा देतो. हरभऱ्याचं भुसकट मूठभर. सगळी मेंढरं विकून त्यांनी ती खिलार जोडी घेतली होती. तिच्यामुळंच गाव त्यांना शेतकरी म्हणायचं. पण मी काय कमी तोंडाची? "टारफुला असाच ऱ्हायला तर पुढं कडबाबी न्हाई आन् दाणाबी न्हाई," म्हणाले. धन्यांनी माझी बाजू घेतली. हरभरा पेरला.

हरभरा चांगला आला. पण त्याच साली आसपासच्या सगळ्यांचा जोंधळा पार बुडाला आणि कडबा कुठंच मिळेना. धनी पार वरवंडपर्यंत जाऊन हात हलवत परत आले. मी बांध खरवडले, बाभळीच्या शेंगा झोडल्या, छपराचं जुनं गवत उपसून घातलं. बैलांच्या बरगड्या वर आल्या. मी गोठ्यात उभी राहून देवाला शिव्या घालायची. चैत्रात एक बैल बसला तो उठलाच नाही. दुसऱ्यानं मग खाणंच सोडलं, आणि तोही गेला.

माझं चुकलं नव्हतं. आजही कुणी विचारा, ठणकावून सांगेन. पण सासरे एका शब्दानं बोलले नाहीत. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या साली शेजाऱ्याचे बैल मागून जोंधळा पेरला. डोक्याच्या वर गेला. टारफुला औषधालासुद्धा नाही! कणसं बघायला माणसं बांधावर थांबायची. मला मात्र ते रान बघवत नव्हतं.

काढणी झाली, कडबा घरी आला. सासऱ्यांनी त्यातल्या दोन पेंढ्या उचलल्या, गोठ्यात नेल्या आणि रिकाम्या दावणीपुढं सोडल्या. मी दारातच थबकले.

"घ्या रं," ते म्हणाले, "सूनबाई खरं बोलत व्हती."