नावातली मोकळी जागा

कॉम्प्युटर रूममधल्या चुका आम्ही कधी लिहून ठेवल्या नाहीत. चहाला बसलं की कुणीतरी एक काढायचं, तिला लागून दुसरी निघायची. अशा बऱ्याच साठल्या.

आमच्या कोचिंग क्लासच्या दोन शाखा. मी लातूरला, सलीमसर नांदेडला. सर मूळचे देगलूरचे. निकालाचे प्रोग्रॅम ते लिहायचे, मी चालवायचे. पहिल्याच निकालाला माझ्या मशीननं ‘शेख अब्दुल रहीम’ या एका पोराची तीन पोरं केली आणि तिघांनाही गैरहजर टाकलं. नांदेडला तोच प्रोग्रॅम नीट चालला होता. मी फोन लावला.

“मॅडम, दोष मशीनचा न्हाई, दुभाष्याचा हाय,” सर म्हणाले. “आपलं टाइप केलेलं मशीनला समजावून सांगतो तो शेल. तुमच्याकडं बॅश हाय. त्याला मोकळी जागा दिसली की तो नाव तिथं तोडतो. माझा झेडशेल तोडत न्हाई. दुहेरी अवतरणचिन्हं घाला, मग दोघंबी नाव अख्खं ठेवतात.”

*

मला ती चिन्हं घालत बसायचा कंटाळा. मी सगळ्या नावांतल्या मोकळ्या जागी खाली आडवी रेघ घालून टाकली. कंधारचे एक वडील निकालपत्र घेऊन आले. नावातल्या रेघांवर बोट ठेवलं.

“मॅडम, ह्या गाळलेल्या जागा आम्हीच भरायच्या का?”

मी सगळी निकालपत्रं पुन्हा छापली.

*

एकदा उलटं झालं. मी लिहिलेला प्रोग्रॅम सरांनी नांदेडला चालवला. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी अशी तीन फोल्डर व्हायला हवी होती. बॅशनं ती केलीही असती. झेडशेलनं तिन्ही विषयांच्या नावाचं एकच लांबलचक फोल्डर केलं.

सर म्हणाले, “आपल्यालाच ठरवता येईना, कुठं तोडावं न् कुठं जोडावं. त्याला काय बोलायचं?”

*

लातूरला आले असताना सरांनी स्वतः टाइप करून माझ्या मशीनला ‘जुनी टेस्ट’ नावाचं फोल्डर पुसायला सांगितलं. अवतरणचिन्हं घालायची राहिली. बॅशनं ‘जुनी’ शोधलं, ते नव्हतं. ‘टेस्ट’ होतं, ते पुसलं. वर्षभराची प्रश्नपेढी त्यात होती आणि दुसरी प्रत कुठंच नव्हती.

मी म्हटलं, वीज गेली म्हणून सांगू. सर उठून वर्गात गेले. “चूक माझी हाय,” एवढंच म्हणाले. पोरांनी प्रश्न उतरवून घेतलेल्या आपापल्या वह्या आणून दिल्या. त्यांवरून सर पंधरा दिवस टाइप करत होते.

*

सुनीता माधव पाटोळे. भूकंपात तिचे वडील गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. मामानं वाढवली, बारावीला आमच्याकडं घातली. सराव परीक्षेला बेंचवर चिकटवायच्या नावाच्या चिठ्ठ्या मी घाईत छापल्या आणि तिच्या नावाला अवतरणचिन्हं घालायची विसरले. शिपायानं जशा निघाल्या तशा चिकटवल्या. एका बेंचवर सुनीता, शेजारच्यावर माधव, त्यापुढं पाटोळे.

परीक्षेसाठी सलीमसर लातूरला आले होते. पेपर सुरू व्हायच्या आधी त्यांच्या ते लक्षात आलं. ते शेजारच्या बेंचवरची चिठ्ठी नखानं काढायला लागले.

सुनीता हळूच म्हणाली, “राहू द्या ना, सर. पेपर होईपर्यंत.”