इस्त्रीवरचा आळ

बिल आलं तेव्हा तुमच्या काकाने ते टेबलावर आपटलं.

"आई, तीनशे वीस युनिट! दोनशेच्या आसपास असायचं आपलं. ही वरच्या बाईची इस्त्री हाय. खोली खाली करायला सांगतो."

वरच्या खोलीतली भाडेकरीण गेल्या महिन्यापासून आळीतले कपडे इस्त्री करून द्यायला लागली होती. नवरा शेजारच्या वळ गावातल्या गोदामात कामाला. आमच्या गावात, राहनाळला, भाडेकरूंकडून विजेचे पैसे पॉइंटवर घ्यायची पद्धत: एक दिवा, एक पंखा, अमुक रुपये. इस्त्री त्यात बसत नव्हती. ती बाई जिन्यातून ऐकत होती.

"काकू, इस्त्री बंद करते, पण रूम नका काढून घेऊ. मुलीची शाळा इथंच आहे."

"कुणी काही बंद करायचं नाही," मी म्हटलं. "आधी मोजू."

हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट, हे मी शाळेत इंग्रजीतून शिकले, पण विसरले नाही. वही आणि भिंग घेऊन घरभर फिरले, प्रत्येक वस्तूवरचे वॅट वाचले. इस्त्री हजार वॅटची, पण तापली की आपोआप बंद होते. तिच्याजवळ बसून पाहिलं, तर दिवसाला एक युनिट, महिन्याला तीस. पाण्याचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो. रोज अर्धा तास धरून पंधरा. फ्रिज, पंखे, टीव्ही, सगळं मिळून दोनशे पंधरा. मग बाकीचे एकशे पाच कुठले?

"पंप नक्की अर्धाच तास चालतो ना?" मी तुमच्या आजोबांना विचारलं.

"पत्रा वाजला का बंद करतो. आजचा हाय का तो नेम?"

टाकी भरली की जादा पाणी मागच्या शेडच्या पत्र्यावर पडायचं, आणि तो आवाज ऐकून ते बटण बंद करायचे.

"अहो, पण पत्रा आहे कुठे आता?"

शेड आम्ही दीड महिन्यापूर्वीच पाडली होती. आता पाणी आवाज न करता थेट गटारात जात होतं. आजोबा म्हणाले, "जेवायला बसताना आठवतं, तवा बंद करतो." सकाळी आठ ते बारा. साडेतीन तास जास्त, महिन्याला एकशे पाच युनिट. बेरीज बरोब्बर जुळली.

काका स्वतः जिना चढून गेला. "ताई, चूक आमची. कुठं जाऊ नका." पॉइंटची पद्धतही त्याने मोडली आणि तिच्या खोलीला वेगळा मीटर बसवला.

सातवी शिकलेली ती, पण मला म्हणाली, "मलाही मोजायला शिकवा." पहिला महिना संपला तेव्हा मीटर बघण्याआधी दोघींनी आपापला अंदाज लिहिला. माझा त्रेपन्न, तिचा एकोणपन्नास. मीटरवर पन्नास.

"काकू, तुम्ही टीव्ही जास्त धरला," ती हसून म्हणाली. "दिवसा कुठे वेळ असतो मला?"

माझ्या त्या बरोब्बर बेरजेपेक्षा तिच्या या एका वाक्याचा मला जास्त अभिमान वाटतो.