सईची साक्ष

महाडची सई डॉक्टर होऊन सर्जरीचं पुढचं शिक्षण घेत होती. वॉर्डात पेशंटांसमोर तिला शिकवणाऱ्या सरांनी तिच्या ज्युनिअरच्या, धवलच्या, कानशिलात लगावली. धवलने तक्रार केली, पण बघणारे सगळे गप्प बसले. सईही गप्पच राहिली आणि सुट्टी काढून घरी आली.

"बाबा, मी साक्ष दिली आणि सरांनी मला नापास केलं तर?"

तिचे वडील शरच्चंद्र महाड कोर्टात कारकून होते. ते म्हणाले, "पुन्हा बसशील परीक्षेला. पण साक्षीदार गप्प बसला, की मार खाणाराच खोटा ठरतो, हे मी कोर्टात कितीदा पाहिलंय."

सईने चौकशी समितीपुढे पाहिलेलं सगळं सांगितलं. मग आणखी दोघे बोलले. सरांना शिकवण्यावरून काढलं. काही सहकाऱ्यांनी सईशी बोलणं टाकलं. तिला ते फार लागलं, पण धवल शिकत राहिला.