मुरूम आणि माशाचं तेल

समस्त वाचकांनी हातातलं पान बाजूला ठेवावं, पाठ ताठ करावी आणि ही अतिगंभीर बाब शांतपणे ऐकून घ्यावी: माझं लग्न ठरण्याच्या ऐन बेतात माझ्या तोंडावर मुरूम पसरला.

तेव्हा, म्हणजे पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत, आम्ही चामोर्शीला राहत होतो. बाबा सरकारी रस्त्यांच्या कामावर मुकादम. मुरूम म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे रस्त्यावर पसरायचा तांबडा मुरूमच यायचा. माझे गाल पाहून ते म्हणायचे, "भेऊ नोको माय. मुरूम पडला का रस्ता पक्का होते. तुयं लगनबी पक्कं होईन."

मला हसू येत नव्हतं. मुलगा शाळामास्तर होता. मी त्याला बाजारात चोरून पाहिलं होतं आणि तो मला आवडला होता, सगळी पंचाईत तिथेच होती. नावडता असता तर मी मुरमाला खतपाणी घातलं असतं.

आईने मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर पुण्याकडचे, नवेच आलेले. रातांधळ्या पोरांना ते माशाच्या काळजाचं तेल देत. "यात अ जीवनसत्त्व असतं. मुरमांनाही उपयोग होतो म्हणतात, बघू या. रोज एक चमचा. जास्त नको हं, कातडी सोलवटेल." एवढं बोलून त्यांनी बाटली दिली आणि पुढच्याला हाक मारली.

चमचा कुठे रिकामा करायचा, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही आणि विचारायची आम्हाला. तेल म्हणजे अंगाला, डोक्याला, फार तर दिव्याला. मुरूम तोंडावर, तेव्हा तेलही तोंडावर. आई रोज चमचाभर तेल माझ्या गालांवर चोळायची. कातडीच्या भीतीने थेंबभरही जास्त नाही. मुरूम मजेत वाढत राहिला. मांजरं मात्र माझ्या प्रेमात पडली. मी विहिरीवर निघाले की मागे वरात.

पाहुणे यायच्या दिवशी बाबा धापा टाकत घरी आले. वाटेत डॉक्टर भेटले होते.

"अवो, ते प्यायचं होतं!"

आईचा तेलकट हात माझ्या गालावरच थांबला. "मंग बाटलीवर तोंड काऊन नाई काहाडलं त्याईनं?"

बेसन झालं, शिकेकाई झाली, लिंबू झालं. वास जागचा हलेना. तेवढ्यात पाहुण्यांची बैलगाडी दारात आली. आईने घाईघाईने तेलावरच पावडर थापली आणि पोह्यांचं ताट देऊन मला बाहेर ढकललं.

आमच्याकडे पसंती झाल्याखेरीज मुलीच्या घरी कोणी जेवायला बसत नाही; तोवर फक्त चहा आणि पोहे. मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याचे मामा माझ्याकडे पाहत होते. नाकाचा रंग विचाराल तर पावडरीने कापूर, गालांचा विचाराल तर मुरमाने तांबडा, नुसता बांधकाम खात्याचा मुलूख. मला घाम फुटला. पावडर ओघळली आणि खालचा वास मोकळा होऊन सगळ्या ओसरीभर फिरला. मी काय करणार? तोंड काढून तर आत ठेवता येत नव्हतं.

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "बरं बाई, घरी जाऊन कळवतो."

याचा अर्थ सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होता. आई दाराआड डोळे पुसू लागली. बाबा उगाच बैलांना पाणी दाखवायला निघाले. मी पाटावर तशीच, न उठता येत, न बसवत. आमच्या चुलीवर तेव्हा नुसतं तुरीचं वरण रटरटत होतं.

मामा उठले. तेवढ्यात मास्तराने मान वर केली, आतल्या दाराकडे पाहत एक लांब श्वास घेतला आणि मामांचं धोतर पकडलं.

"मामा, पसंत हाय मनून सांगून टाका ना! आतमंधी मासोळी शिजून राह्यली!"