उंबरवाडीचं माणशी उत्पन्न

उंबरवाडीच्या लंकाबाईनं उभ्या जन्मात ‘घरात दाणा नाही’ असं कधी म्हटलं नव्हतं. म्हणायचं नसतंच. धान्य म्हणजे कणसरी माता. तिला ‘नाही’ म्हटलं की ती रुसते, घर सोडते. धान्याच्या कणगीत परक्याला डोकावू द्यायचं नाही आणि कुणी विचारलंच, तर ‘हाय भरून’ म्हणायचं. तळेघरच्या डोंगरात सासवा सुनांना हेच शिकवत आल्या. लंकाबाईचा नवरा तरणाताठा गेला. तिनं एकटीनं भात लावला, नाचणी केली, हिरडा वेचला, मुलाला, जानकूला वाढवलं. पण शेजारणीच्या दारात वाटी घेऊन गेली नाही. म्हणून वाडीत तिच्या शब्दाला मान होता.

ओढ्यापलीकडच्या गोठणवाडीची सरूबाई याच्या अगदी उलट. कुणी दारात आलं की तिचं ‘दाणा न्हाई’चं रडगाणं सुरू. लंकाबाई म्हणायची, “जिची जीभ कणसरीला हाकलती, तिच्या घरी उंदीर तरी ऱ्हाईल का?”

सत्तावन्न सालच्या वैशाखात पुण्याहून एक सरकारी पाहणीदार आला. घोडेगावपर्यंत एस.टी.नं, मग बैलगाडीनं आणि शेवटी पायी. घाम पुसत तो लंकाबाईच्या ओट्यावर टेकला.

“या बाजूला स्वस्त धान्याचं एक दुकान द्यायचंय,” तो म्हणाला. “तुमची वाडी नाहीतर गोठणवाडी. जिथं माणशी उत्पन्न कमी, तिथं.”

“माणशी म्हंजी?”

“वर्षभर घरात येतं ते सगळं रुपयांत धरायचं, अख्ख्या वाडीचं एकत्र करायचं आणि माणसांच्या संख्येनं भागायचं. सिलोन आणि ब्रह्मदेशाची तुलना करतात, तीसुद्धा अशीच.”

“म्हंजी आमी एक देस, आन् सरूबाई दुसरा!” लंकाबाई म्हणाली, तशा जमलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

दुकान आपल्या वाडीत यावं असं तिला फार वाटत होतं. आषाढात ओढा फुगला की वाडी जगापासून तुटायची, आणि नेमका तेव्हाच दाणा सरायचा. त्यात सून साळुबाई गरोदर होती.

“आजी, कणगीत भात किती आहे?” पाहणीदारानं विचारलं.

कणगीचा तळ दिसायला लागला होता. लंकाबाईच्या मनात आलं, पडका कूड, ठिगळाचं लुगडं, सगळं याच्या डोळ्यांसमोर आहे. शिकलेला माणूस, त्याला काय कळायचं नाही?

“हाय भरून,” ती म्हणाली. “आईची दया.”

त्यानं ते तसंच लिहून घेतलं. थोरलीनं भरून म्हटल्यावर बाकीच्यांनी कमी कसं सांगावं? घरोघर तेच उत्तर मिळालं. वर बायांनी मूठमूठ तांदूळ गोळा करून त्याला भात वाढला.

“रोज भातच खाता?” त्यानं विचारलं.

“मंग पावण्याला काय नाचणी घालायची?” लंकाबाई म्हणाली. त्यानं तेही लिहिलं.

दुकान गोठणवाडीला गेलं. जानकू घोडेगावहून ती बातमी घेऊन आला. “आये, आपण श्रीमंत निघालो, राव! माणशी श्रीमंत!” असं म्हणून मोठ्यानं हसला आणि मग कपाळाला हात लावून भिंतीशी बसला.

दुकान चालवायला मिळालं सरूबाईच्या लेकाला, चांगदेवला. जिनं कणसरीला रोज ‘नाही’ म्हटलं, तिच्याच पडवीत कणसरी पोत्यांनी येऊन बसली. हे कोडं लंकाबाई देवापुढं दिवा लावताना रोज घालायची.

पुढच्या साली ज्येष्ठ सरता सरता कणगी पुरती रिकामी झाली. जानकू जुन्नरला मजुरीला गेलेला. साळुबाईच्या पोटात अन्न नव्हतं, म्हणून तान्ह्याला दूध नव्हतं. दोन दिवसांत ओढा चढणार होता. लंकाबाईनं फडकं काखोटीला मारलं आणि पहिल्यांदाच सरूबाईच्या पडवीची पायरी चढली.

“या मावशे!” चांगदेव म्हणाला. “श्रीमंत देसाची माणसं आज आमच्याकडं कशी?”

रांगेतली माणसं हसली. सरूबाई दारात उभी राहून बघत होती.

“धान्य पायजे व्हतं,” लंकाबाई म्हणाली.

“दुकान आमच्या वाडीपुरतं. कायदाच हाय तसा.” मग तिचं तोंड बघून चांगदेवचा आवाज उतरला. “मावशे, खरं सांग. घरात दाणा न्हाई ना? तेवढं एक बोल, माझ्या वाट्याची पायली घालतो फडक्यात.”

लंकाबाईनं तोंड उघडलं. सरूबाईकडं नजर गेली आणि तोंडातून निघालं, “हाय की. हाय भरून. सहज आले व्हते.”

ती रिकामं फडकं घेऊन घरी आली.

साळुबाईनं चुलीवर आधण ठेवलं होतं. तिनं फडकं उलटं करून झटकलं आणि सासूकडं बघितलं. कधी तोंड वर करून न बोललेली ती पोर म्हणाली, “आत्याबाई, तुमच्या देवाला उपास घडवा. माझ्या लेकराला नका घडवू.”

तिनं बाळ लंकाबाईच्या मांडीवर टाकलं, फडकं उचललं आणि ओढ्यापलीकडं, सरूबाईच्या पडवीकडं निघाली. तिथं जाऊन ती काय म्हणणार, हे लंकाबाईला ठाऊक होतं. तिनं सुनेला हाक मारून थांबवलं नाही. बाळ तिच्या कोरड्या छातीशी तोंड घुसळत राहिलं.